ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं निघाली तर वनखातं येईपर्यंत फडावर काय करायचं?

कुकडीकाठ
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमचा आडसाली ऊस तोडीला आलाय, पुढच्या आठवड्यात टोळी उतरेल. ओढ्याच्या बाजूला बिबट मादीचे पंजे वरचेवर उमटतात, त्यामुळे फडात पिल्लं निघण्याची शक्यता धरूनच चाललोय. वनखात्याला कळवायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न आहे तो गाडी पोचेपर्यंतच्या तास-दोन तासांचा.

तोड पूर्ण थांबवायची की तेवढा पट्टा सोडून बाकीचा ऊस घेता येतो? कारखान्याची पाळी चुकली की पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. पिल्लं उन्हात उघडी पडली तर सावलीला न्यायची का? दूध पाजायचं का? आणि माणसाचा हात लागला की मादी पिल्लू टाकून देते म्हणतात, त्यात तथ्य किती? मुकादमाला आधीच नीट समजावून ठेवायचंय, म्हणून अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

रानवाट_जुन्नर
कुकडीकाठ, तोडीच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. पिल्लं निघाल्यावर फडावर जो गोंधळ होतो त्यात कुणी कुणाचं ऐकत नाही.

आधी हे पक्कं समजून घ्या की फडात एकटी दिसलेली पिल्लं अनाथ असतातच असं नाही, बहुतेकदा नसतात. मादी शिकारीला जाते तेव्हा पिल्लं दाट सरीत ठेवून जाते आणि कित्येक तास फिरकत नाही. दिवसा माणसांचा आवाज आला की ती बाजूच्या उभ्या उसात सरकते आणि अंधार पडेपर्यंत बाहेर येत नाही. तेव्हा 'आई सोडून गेली' असा निष्कर्ष दुपारी बारा वाजता काढायला कसलाच आधार नसतो.

पिल्लू दिसलं की कोयते खाली. ज्याने पाहिलं त्याने जागेवर खूण करायची: उसाला कापड बांधा, नाहीतर दोन वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आडवे ठेवा. ही खूण सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण मादी रात्री त्याच जागी शोधायला येते. नंतर 'साधारण इथंच कुठंतरी होती' म्हणून चालत नाही. तुटलेल्या फडात सगळ्या सऱ्या सारख्याच दिसतात.

मग सगळ्यांनी एकत्र, एकाच बाजूने मागे यायचं, ज्या बाजूने तोडत आलात त्याच मोकळ्या बाजूने. उभ्या उसात शिरून पलीकडे निघायचं नाही, मादी तिथेच दहा-वीस पावलांवर दबून बसलेली असू शकते. ती गुरगुरली किंवा अंगावर आल्यासारखी दोन उड्या पुढे आली तरी पळू नका, खाली वाकू नका, बसू नका. तिच्याकडे तोंड ठेवून मोठ्याने बोलत मागे सरका. फडाच्या कडेला झोळीत तान्ही पोरं असतील तर ती आधी उचला. टोळीतली लहान मुलं उभ्या उसापासून लांब, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर हवीत. हा नियम तोडीच्या पहिल्या दिवसापासून पाळा, पिल्लं निघोत न निघोत.

फोन १९२६ वर करा, ती महाराष्ट्र वनविभागाची हॅलो फॉरेस्ट टोल फ्री लाइन आहे. आपल्या बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) वनरक्षकाचा नंबर आज सेव्ह करून मुकादमालाही देऊन ठेवा, थेट फोनने वेळ वाचतो. सांगताना गाव, मळ्याचं नाव, गट नंबर, पिल्लं किती, डोळे उघडे की मिटलेले, कुणी हात लावलाय का, मादी दिसली का, एवढं सांगा. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून पशुवैद्यक येतात, तिथे वनविभागासोबत वाइल्डलाइफ एसओएस ही वन्यजीव संस्था काम करते.

उरलेल्या तोडीबद्दल. तो दिवस त्या फडावरचं काम बंदच ठेवा. पट्टा सोडून बाकीचा ऊस घेतला तर मादीचा लपायचा आडोसा जातो, आणि ट्रॅक्टर, गाड्या, माणसं संध्याकाळपर्यंत तिथेच राहतात. टोळीला त्या दिवशी तुमच्याच दुसऱ्या तुकड्यात किंवा शेजाऱ्याच्या फडात लावा आणि कारखान्याच्या शेतकी विभागाला लगेच कळवा. या पट्ट्यातल्या स्लिपबॉयना (तोडीचं बघणाऱ्या कारखान्याच्या माणसांना) हा प्रकार नवा नाही. पाचट (उसाचा वाळलेला पाला) मात्र कुठल्याही परिस्थितीत पेटवायचं नाही. तोडलेल्या भागातल्या पाचटाखाली आणखी एखादं पिल्लू असू शकतं. एका वेतात साधारण दोन-तीन असतात आणि ती एकाच जागी असतील असं नाही.

डॉ_पशुवैद्य
दूध आणि हाताळणीबद्दल मी लिहितो.

हात लागला म्हणून बिबट मादी पिल्लू टाकत नाही. मिलनाच्या वेळी, म्हणजे पिल्लं मादीला परत मिळवून देताना, आम्ही ती तपासतो, वजन करतो, नर-मादी पाहतो, गोचीड काढतो, शेपटीच्या मुळाशी कातडीखाली मायक्रोचिप बसवतो, आणि मादी ती पिल्लं त्याच रात्री उचलून नेते. त्यामुळे कुणी आधी हात लावला असेल तर 'आता काही उपयोग नाही' म्हणून पिल्लू घरी ठेवू नका. हात न लावण्याची खरी कारणं वेगळी आहेत. पिल्लू ओरडलं तर मादी अंगावर येऊ शकते. नखं आणि सुळे लहान असले तरी जखम होते. पाळीव मांजर-कुत्र्यांचे आजार, विशेषतः मांजरांमधला पॅनल्यूकोपेनिया आणि कुत्र्यांमधला डिस्टेंपर, हातांतून आणि कपड्यांतून पिल्लापर्यंत जातात. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. 'पिल्लूच आहे' म्हणून थांबू नका.

दूध पाजू नका. गाईच्या दुधात बिबट्याच्या पिल्लाला लागणाऱ्या प्रमाणात प्रथिनं आणि स्निग्धांश नसतात, दुग्धशर्करा मात्र त्याला झेपण्यापेक्षा जास्त असते. परिणाम म्हणजे जुलाब, आणि अर्ध्या किलोच्या जिवाला जुलाब लागले की काही तासांत ते सुकतं. त्याहून वाईट पाजण्याची पद्धत. लहान बाळासारखं उताणं धरून चमच्याने किंवा सिरिंजने दूध सोडलं की ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा पिल्लू फक्त शिंकतं, नाकातून दुधाचा बुडबुडा येतो, लोकांना वाटतं पोट भरलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होऊन ते जातं. पाणीसुद्धा याच कारणासाठी तोंडात सोडायचं नाही. धडधाकट, अंगाला ऊब असलेलं पिल्लू तीन-चार तास उपाशी राहिल्याने काही बिघडत नाही, आई शिकारीला गेल्यावर ते तसंच राहतं.

उन्हाचं मात्र बघावं लागतं. पिल्लं उघड्या सरीत पडली असतील आणि ऊन तापलं असेल तर पिल्लू हलवण्यापेक्षा सावली त्याच्यावर आणा. चार वाढे तिरके उभे करून झोपडीसारखा आडोसा केला की पुरतो. मुंग्या लागल्या असतील, कुत्री आली असतील किंवा शेजारी आग असेल तरच हलवायचं. तेही हातात गोणपाट किंवा जाड कापड घेऊन, जवळच्याच सरीत, पाच-सहा पावलांच्या आत. भाजीचा प्लास्टिक क्रेट असेल तर त्यात कोरडं पाचट घालून ठेवा. झाकण नको, वर वाढ्यांची सावली पुरे.

थंडीत पहाटेच्या तोडीला उलटी अडचण येते. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. डोळे साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. मिटलेल्या डोळ्यांचं पिल्लू म्हणजे ही काळजी दुप्पट. पोटाखाली हात घातल्यावर गार लागलं, तोंडात बोट घातल्यावर जीभ गार लागली, तर प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरा, जाड कापडात गुंडाळा आणि क्रेटच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येईल. शेकोटीजवळ नेऊ नका. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच साचून सडतं. आधी ऊब, मग पाण्याची भरपाई, शेवटी दूध, हा क्रम बदलत नाही आणि शेवटचे दोन टप्पे पशुवैद्यकाचे.

मळगंगा
डॉक्टर, एक अडचण अशी की पोरांनी पिल्लू आधीच वस्तीवर आणलेलं असतं, दूध पाजलेलं असतं, फोटो गावभर गेलेले असतात, आणि मग घरातली मोठी माणसं घाबरून दोन दिवस कुणाला सांगत नाहीत. अशा वेळी काय करावं? गुन्हा दाखल होईल म्हणून लोक गप्प बसतात.

डॉ_पशुवैद्य
ताई, लगेच सांगा. काय पाजलं, किती पाजलं, किती वाजता, जुलाब-उलटी झाली का, हे स्पष्ट सांगा. लपवलं की आम्ही उपाशी समजून पुन्हा पाजतो. पिल्लू अंधाऱ्या, शांत जागी क्रेटमध्ये ठेवा, कुत्र्या-मांजरांपासून दूर, आणि कुणालाही हातात घेऊ देऊ नका. पिल्लू कुठे सापडलं ते दाखवणारा मुलगा आमच्यासोबत फडावर हवा. त्याला ओरडून पळवून लावू नका, जागा त्यालाच माहीत असते.

रानवाट_जुन्नर
कायद्याचं सांगतो. बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. पिल्लू पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. पण त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की वन्यप्राणी कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. पोरांनी भाबडेपणाने उचललेलं पिल्लू लगेच कळवून सुपूर्द करणं आणि दोन दिवस दडवून ठेवणं यात फार फरक पडतो.

आणि दोन दिवसांचा फरक मादीलाही पडतो. पिल्लं गायब झाली की ती त्याच शिवारात रात्रभर फिरत राहते, हाका मारते, वस्तीच्या अधिक जवळ येते. गावाला धोका तिथून वाढतो. पिल्लं तिला परत मिळणं ही गावाच्याही सुरक्षेची गोष्ट आहे, हे ग्रामसभेत सांगायला हवं. 'पिंजरा लावा आणि मादी उचला' ही मागणी अशा वेळी जोरात होते. लोकांची भीती खरी आहे, या भागात माणसं गेलेली आहेत. तरीही दूध पाजणारी मादी उचलली तर पिल्लं उसातच मरतात, ही गोष्ट त्या मागणीत कुणी मोजत नाही.

फडावरचा
मी तोडीच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण अर्धं काम तिथेच होतं.

फड चारी बाजूंनी तोडत आत जाऊ नका. मध्ये उसाचं बेट उरतं, जनावर त्यात कोंडतं आणि शेवटच्या चार सऱ्यांत ते माणसाच्या अंगावरूनच निघतं. रस्त्याच्या किंवा घराच्या बाजूने तोड सुरू करा आणि ओढ्याकडे, डोंगराकडे किंवा शेजारच्या उभ्या उसाकडे सरकत जा. त्या बाजूला गाडी, बैल, माणूस काहीच उभं करू नका. मादीला पिल्लं तोंडात धरून एक-एक करून हलवायला तीच वाट लागते, आणि तोड सुरू झाल्याची चाहूल लागली की ती रात्रीत स्वतःहून पिल्लं हलवते.

पहाटे अंधारात आत शिरायचं नाही. नीट दिसायला लागल्यावर, सुरुवातीला डबे वाजवून किंवा ट्रॅक्टर चालू ठेवून पाच-दहा मिनिटं आवाज करा, मग कोयता घाला. एकमेकांत दोन-तीन सऱ्यांपेक्षा जास्त अंतर नको. वाकून तोडणारा माणूस जनावराला माणूस वाटत नाही. टोळीत एकाने उभं राहून नजर ठेवायची, बाकीच्यांनी तोडायचं, आणि त्या माणसाची मजुरी कापायची नाही. हे शेतकऱ्याने स्वतः मुकादमाला सांगावं.

वाघाटीप्रेमी
एक महत्त्वाचं. उसात निघणारं प्रत्येक ठिपकेवालं पिल्लू बिबट्याचं नसतं. रानमांजर आणि वाघाटी यांचीही पिल्लं याच दिवसांत निघतात आणि 'बिबट्या' म्हणून गावभर घबराट होते.

बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असतं. पंजे अंगाच्या मानाने जाड, डोकं गोल, कान छोटे आणि गोल, शेपटी लांब आणि जाड. अंगावरची लव करडी, लोकरीसारखी, ठिपके इतके दाट आणि पुसट की लांबून पिल्लू काळपट दिसतं. डोळे सुरुवातीला निळसर. रानमांजराचं पिल्लू त्याच्यापुढे मूठभर, पाय लांबट, कान उभे आणि टोकदार, शेपटी आखूड आणि टोकाकडे गडद कडी. अंगावर ठिपक्यांपेक्षा पुसट पट्टे असतात, ते मोठेपणी जातात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेलीच दीड किलोच्या आसपास. तिची पिल्लं तर ओंजळीत दोन मावतील एवढी. कपाळावर डोळ्यांपासून वर जाणाऱ्या रेघा आणि अंगावर ओळीत ठिपके, शेपटीवर ठळक कडी नाहीत.

ओळख पटवण्यासाठी पिल्लू उचलू नका. लांबून एक फोटो, शेजारी ऊस दिसेल असा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. तो फक्त वनरक्षकाला पाठवा. गावच्या ग्रुपवर टाकला की अर्ध्या तासात शे-दोनशे माणसं फडावर उभी असतात, आणि मादी त्या रात्री येत नाही.

तिन्ही जातींना पद्धत तीच, मिलन त्याच जागी. फक्त मांजरांसाठी पिल्लं ठेवायची टोपली लहान आणि कमी उंचीची.

मळगंगा
सशाच्या पिल्लांचंही कुणी सांगा. गव्हात, हरभऱ्यात नेहमी दिसतात आणि लोक घरी आणून दूध पाजतात.

वाघाटीप्रेमी
सशाची मादी दिवसातून एक-दोनदाच, बहुतेक अंधारात पाजायला येते, बाकी वेळ पिल्लांपासून मुद्दाम लांब राहते. पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं, निपचित बसून राहतं. ते आजारी नाही, ती त्याची लपायची रीत आहे. तिथेच सोडा, कुत्रं बांधा. नांगर चालू असेल तर बांधाच्या गवतात चार पावलं सरकवा. बस.

कुकडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं मुकादमाला वाचून दाखवतो. दोन गोष्टी राहिल्या. रात्री पिल्लं ठेवतात ती पद्धत कशी असते, आम्हाला त्यात काय मदत करता येईल? आणि मादी पहिल्या रात्री आलीच नाही तर?

रानवाट_जुन्नर
दिवे लागणीच्या आधी पिल्लं खुणेच्या जागी ठेवतात. साधारण गुडघ्याइतक्या उंचीचा क्रेट किंवा पेटी, तळाला त्याच फडातलं पाचट. कडा एवढी उंच हवी की पिल्लू चढून भटकणार नाही, आणि एवढी कमी की मादीला तोंड घालून मानेला धरून उचलता येईल. खोल पिंप, घट्ट झाकण, जाळी हे नको. मादी पेटी पाडून पिल्लू बाहेर काढते हेही चालतं, म्हणून पेटी जड किंवा टोकदार कडांची नसावी. आजूबाजूला दोन-तीन कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावतात आणि पथक लांब गाडीत बसतं.

तुमची मदत म्हणजे शांतता. शेतातले हॅलोजन बंद, मोटार चालवायची असेल तर ती दुपारीच उरकलेली, रात्री त्या शिवारात पाणी धरायला कुणी जायचं नाही, वस्तीवरची कुत्री बांधलेली, शेळ्या-कोंबड्या बंदिस्त गोठ्यात. 'मादी येते का बघू' म्हणून बांधावर बसणारी चार माणसं परत पाठवणं हे काम गावच्याच माणसाला जमतं, खात्याच्या माणसाचं तेवढं ऐकत नाहीत.

मादी एका फेरीत एकच पिल्लू नेते. त्यामुळे पहिलं नेल्यावर 'एक राहिलं' म्हणून कुणी पुढे गेलं तर दुसरं खरंच राहतं. ती अर्ध्या-पाऊण तासाने परतू शकते किंवा पहाटेही. उजाडेपर्यंत हलायचं नाही.

डॉ_पशुवैद्य
पहिल्या रात्री नाही आली तर उजाडताच पिल्लं उचलून दिवसा आमच्याकडे उबेत ठेवतो, संध्याकाळी पुन्हा त्याच जागी. दिवसा मांजराच्या पिल्लांसाठीचं पर्यायी दूध देतो, १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीपेक्षा जास्त नाही, पिल्लू पोटावर पालथं, डोकं सरळ. ६०० ग्रॅमचं पिल्लू असेल तर एका वेळी २४ मिली, दिवसात पाचदा. पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने ढुंगण पुसावं लागतं, कारण लहान पिल्लं आईने चाटल्याशिवाय लघवी-शी करत नाहीत. हे आकडे घरी प्रयोग करायला नाहीत, पथकाला उशीर झाला तरी नाहीत. दूध का थांबवायला सांगतो ते कळावं म्हणून लिहिले.

सलग काही रात्री प्रयत्न करतो. जागा बरोबर असेल आणि गर्दी नसेल तर मादी बहुतेकदा येते. येत नाही तेव्हा कारण तपासतो: जागा चुकली, आजूबाजूचा सगळा ऊस तुटला, का मादीच मेली. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा आतल्या रस्त्यांवर मेलेली मादी सापडली तर वनखात्याला कळवताना तिच्या स्तनांना दूध दिसतं का तेवढं लांबून पाहून सांगा. दुधाची मादी असेल तर त्याच संध्याकाळी आजूबाजूच्या उसात पिल्लं शोधावी लागतात. अशी खरी अनाथ पिल्लं केंद्रात येतात आणि माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या सहसा जंगलात सोडता येत नाही, त्याचं उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात जातं. म्हणून आधीचे सगळे प्रयत्न संपेपर्यंत पिल्लू 'अनाथ' धरायचं नाही.

फडावरचा
आणि तोडीचं: पिल्लं नेल्याचं कॅमेऱ्यात दिसलं की वनरक्षकाला सोबत घेऊन उजेडात फडाची एक फेरी मारा, पाचट काठीने उचलून बघा, मगच कोयते लावा. मादी पिल्लं बहुतेक शेजारच्या उभ्या उसातच नेते, तेव्हा त्या शेतकऱ्याला त्याच सकाळी फोन करा. त्याची तोड आठवड्याने असेल तर सगळं पुन्हा त्याच्याकडे होणार, आणि त्याला आधी कळलं तर तो तेवढी बाजू शेवटी तोडायला ठेवू शकतो.